चाल पाहून चाल

त्या दिवशी चुकीचं गाणं लावलं ते मी. मास्तरांनी नव्हे. एवढं कबूल करायला मला चार महिने लागले, याचा अजून संताप येतो.

मास्तर म्हणजे लग्नाच्या बँडमधले क्लॅरिनेटवाले. यवतमाळात आमच्या मंडळानं जोडप्यांना नाच शिकवायचा वर्ग काढला, दर रविवारी सकाळी. नाच परदेशी आणि संगीतही परदेशी: स्विंग. जुन्या वाद्यवृंदांचं, झुलत्या तालाचं. गावात त्यातलं कळणारा हा एकच माणूस. बँडमधल्या एका म्हाताऱ्या उस्तादानं त्यांना ते शिकवलं होतं. गाणी निवडायची त्यांनी, मोबाइलवरून लावायची मी.

त्यांची निवडायची रीत तुम्ही पाहायला हवी होती. हॉलच्या दारात खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या जोडप्याच्या पायांकडे डोळे वटारून पाहायचे. चेहऱ्याकडे नाहीच. मग गुडघ्यावर ठेका धरून म्हणायचे, "चाल पाहून चाल लावा, भाऊ." पहिली चाल पायांची, दुसरी गाण्याची.

एकदा मी म्हटलं, "मास्तर, हे फारच हळू आहे."

कडाडले, "तुमाले घाई हाय त बसस्टँडवर जा ना!"

घाटंजीहून येणाऱ्या एका काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांच्यासाठी मास्तर तीन रविवार गाणं शोधत होते. "काकूचा डावा पाय जरासा मांगून येते. तेवढं गाण्यानं थांबाव. काकूनं कायले धावाव?" ते गाणं सापडलं आणि काकू पहिल्यांदाच काकांचा दंड न आवळता नाचल्या. मास्तर खुर्चीतून उठले आणि "पंखा लावा बे कोणी!" म्हणून उगाच ओरडले. पंखा चालूच होता.

मंडळाच्या वर्धापनदिनाला जोडप्यांचा नाच ठेवला होता आणि नागपूरहून पाहुणे येणार होते. असं रेंगाळतं गाणं लावलं तर आपलं हसं होईल, असं मला वाटलं. काकूंच्या वेळी मी कोणालाही न विचारता दुप्पट वेगाचं लावलं. सात-आठ पावलांतच काकू तोल जाऊन हॉलच्या मधोमध खाली बसल्या. लोक हसले. काकांनी त्यांना उठवलं आणि दोघं कोणाकडे न पाहता बाहेर गेली.

मंडळाचे सचिव मास्तरांवर धावून आले. "बँडवाल्याच्या हाती देलं की वरातच निघते! काहून लावलं असं गाणं?"

"हे माह्यं गाणं नाही," मास्तर म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं.

सचिव माझ्याकडे वळले. "यादी कोणाची होती?"

"मास्तरांची," मी म्हणालो.

यादी खरंच त्यांची होती. असलं खरं बोलणाऱ्याच्या थोबाडीत द्यायला हवी.

मास्तर पुन्हा आले नाहीत. त्यांच्या खुर्चीवर आता लोक पिशव्या ठेवतात.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो, हात जोडले. ते क्लॅरिनेट पुसत होते. वर न बघता म्हणाले, "इथं कायले सांगून राह्यले? माह्या घरात मले कोणी हलकं नोतं केलं. जिथं केलं, तिथं सांगा."

काका-काकूही तेव्हापासून आले नव्हते; फोन करून मी त्यांना रविवारी बोलावून घेतलं. वर्ग सुरू व्हायच्या आधी हॉलच्या मधोमध उभा राहिलो.

"भाषण देता का राजेहो?" सचिव हसले.

"नाही," मी म्हणालो. "काकू, तुम्हाला मी पाडलं. मास्तरांच्या यादीत तुमचंच गाणं होतं. मी ते काढलं आणि सगळ्यांसमोर त्यांच्या नावाआड लपलो. ते आज इथे नाहीत, तेही माझ्यामुळे. तुम्हा दोघांची आणि त्यांची मी माफी मागतो."