डोळे मिटून पकडलेला मासा

व्हिडिओ गेम बाजारात येण्याआधी कंपन्या माझ्यासारख्या समीक्षकाला गुपचूप बोलावून घेतात. खेळा आणि सांगा, लोक याला डोक्यावर घेतील की शिव्या घालतील? मी दिवसभर खेळते आणि एका पानावर दोन रकाने भरून देते. एकात गुण, दुसऱ्यात दोष. माझा दोषांचा रकाना नेहमी लांब असतो, आणि त्याबद्दल मला कधी वाईट वाटलेलं नाही.

अंधेरीच्या एका स्टुडिओतून असंच बोलावणं आलं, तेव्हा मी मालकाला आधीच सांगून टाकलं, "या खेळाची प्रमुख माझी कॉलेजपासूनची मैत्रीण आहे. दुसरं कुणीतरी बघा."

तो हसला. "माहितीये मला. तुम्ही तिला सगळ्यात जास्त झापता असं तीच सांगते. म्हणून तर तुम्ही हव्यात."

त्या स्टुडिओचा एक मोठा खेळ चांगला चालला होता. टीव्हीसमोर बसून खेळायचा. गलबतं, तोफा, धुमश्चक्री. त्यात एक कोळीण दोन मिनिटं दिसते, वाट सांगते आणि निघून जाते. माझ्या मैत्रिणीने त्या कोळणीला उचलून तिचा वेगळा, छोटा खेळ केला होता, हातात धरून खेळायच्या हँडहेल्डसाठी. रात्री होडी घेऊन खाडीत जायचं, गळ टाकायचा, मासा खेळवायचा. दोन वर्षं ती यातच बुडाली होती. मी खेळून बघायची त्याच दिवशी संध्याकाळी मालक ठरवणार होता, खेळ बाहेर काढायचा की गुंडाळायचा.

सकाळी मला पडदे ओढलेल्या गार खोलीत बसवलं. हँडहेल्ड स्टँडवर, त्याची वायर भल्यामोठ्या टीव्हीला. मी खेळायला लागले. मैत्रीण मागे उभी होती. बोलायचं नाही असा नियम असतो, पण तिच्या चपलेचा आवाज मला सारखा ऐकू येत होता. खेळ दिसायला झकास होता. काळं पाणी, लांबवर एखादा दिवा. पण मासे पकडताना मला कंटाळा यायला लागला, आणि तो लपवणं मला जमत नाही.

"तुम्ही सगळे याच्यावरच खेळता?" मी टीव्हीकडे बोट दाखवलं.

"हो. सगळ्यांना दिसायला नको?"

माझं डोकंच फिरलं. हातात धरायचा खेळ, आणि दोन वर्षांत एकालाही तो घेऊन रस्त्यावर जावंसं वाटलं नव्हतं. यंत्र ऑफिसबाहेर न्यायचं नाही असा दंडक होता म्हणे. मी मालकाकडून परवानगी काढली, तिला सोबत घेतलं आणि वर्सोव्याची रिक्षा पकडली.

रिक्षातच वाट लागली. टीव्हीवर ठळक दिसणारी अक्षरं इथे मुंगीएवढी झाली होती. सिग्नलला ऊन आलं आणि ती सुंदर काळी खाडी गायब होऊन काचेत माझंच कपाळ दिसायला लागलं. उतरायची वेळ आली तर खेळ मध्येच थांबवता येईना. होडी किनाऱ्याला लागेपर्यंत सगळं वाया. मैत्रीण माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. 

जेट्टीवर वाळत घातलेल्या बोंबलांपाशी कट्ट्यावर बसलो. "मासा लागल्यावर यंत्राने थरथरायची सोय दिसतेय सेटिंगमध्ये. ती बंद का ठेवलीय?" मी विचारलं.

"टेबल खडखडायचं यार. सगळे वैतागायचे. मी पहिल्या महिन्यात केली होती, मग राहूनच गेलं."

मी ती चालू केली. उन्हात काही दिसत नव्हतं, म्हणून वैतागून डोळेच मिटले. आणि डाव्या तळव्यात काहीतरी हललं. हलकेच चाचपून बघितल्यासारखं. मग एकदम जोरात ओढ, उजवीकडे झुकत. मासा कुठे पळतोय हे तळव्याला कळत होतं. दोरी सैल सोडली, पुन्हा घेतली, आणि न बघता मासा होडीत आला. अंगावर काटा आला माझ्या. इतक्या वर्षांत कुठल्याच खेळाने मला असं काही दिलं नव्हतं.

"हे तू केलंस?" मी विचारलं. तिचे डोळे भरून आले.

परतीच्या रिक्षात तिने माझा हात धरला. "आज फक्त 'चालेल' म्हण ना गं. बाकीचं मी नंतर दुरुस्त करीन."

"असाच बाहेर गेला तर लोक फाडून खातील. तुझ्या नावाने."

"आणि बंद झाला तर?"

मी हात सोडवून घेतला आणि पान काढलं. ऑफिस येईपर्यंत दोन्ही रकाने भरून झाले होते.

संध्याकाळी मीटिंग सुरू झाली. दोन रकाने मालकापुढे ठेवले. दोषांचा, नेहमीसारखा लांब. गुणांच्या रकान्यात एकच ओळ, थरथरीची. मी सांगितलं, "आत्ता बाहेर काढू नका. तिला काही महिने द्या. हे कशासाठी म्हणतेय ते कळायला डोळे मिटा." आणि हँडहेल्ड त्याच्या हातात दिलं.

त्याने डोळे मिटले. पहिला मासा सुटला. दुसऱ्याला मैत्रीण न राहवून म्हणाली, "सर, डावीकडे ओढतोय. सोडा थोडं." मासा आला. मालक लहान पोरासारखा हसला आणि मी मनातल्या मनात जिंकले.

मग त्याने माझं पान पुन्हा वाचलं. शांतपणे, वरपासून खालपर्यंत.

"हे एवढं दुरुस्त कोण करत बसणार?" तो म्हणाला. "पण ही थरथर कमाल आहे. मोठ्या खेळाच्या पुढच्या भागात घालू. हा बंद करा."

मी भांडले. आवाज चढवून भांडले. पण ज्याच्याविरुद्ध भांडायचं होतं ते सगळं मीच लिहून दिलं होतं, आणि तो त्यातलंच एकेक वाक्य मला वाचून दाखवत होता. मैत्रीण हँडहेल्डची वायर गुंडाळत होती.

खाली गेटवर तिने तोंड उघडलं. "तू खोटं काहीच लिहिलं नाहीस," ती म्हणाली. "फक्त मासा वेगळा काढून दिलास. आता त्याला होडी कशाला हवी?" आणि ती कांदिवलीच्या बसकडे चालायला लागली.

मोठ्या खेळाचा नवा भाग आता आलाय. तोफा, धुमश्चक्री, आणि मध्येच कुठेतरी गळ टाकायची सोय. लोक त्या गळाचंच कौतुक करताहेत. परवा मी घाटकोपरला घरी टीव्हीसमोर बसून, कंट्रोलर हातात धरून तो खेळले. डाव्या तळव्यात तीच ओढ आली, आधी हलकी, मग जोरात. माझ्याने डोळे मिटवले नाहीत. मी दोरी सोडून दिली.