अर्धा चिंचोका

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिच्यापासून मला साधी विडी कधी लपवता आली नाही, पण हे लपलं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की हेही खोटंच? तोंडावर सांगायची हिंमत नाही म्हणून कागदावर सांगतोय, एवढंच खरं असावं.

जन्मभर मी मुंबईत कॉम्प्युटर शिकवला. पोरं विचारायची, सर, कोणतं पुस्तक घेऊ? माझं उत्तर ठरलेलं. जाडी बघू नका, फोटो बघू नका. तुम्ही कुठं पडणार ते जे पुस्तक आधी सांगतं, ते घ्या. फार ऐटीत म्हणायचो. वाक्य माझं नाहीच, माझ्या नागपूरच्या सरांचं. आणि हा प्रश्न मला सगळ्यात आधी ज्यानं विचारला, त्याला मी हे उत्तर दिलं नव्हतं.

त्याचं नाव थावरू. साठच्या दशकाची शेवटची वर्षं. यवतमाळला आम्ही दोघं एकाच शाळेत गणिताचे तात्पुरते मास्तर, एकाच खोलीत राहायचो. मी बोरी अरबचा, घरी कापसाची शेती. तो महागावकडच्या तांड्यावरचा बंजारा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूखभर फिरलेले, आणि हा तांड्यातला पहिला बी.एस्सी. त्याच्या आईला — याडीला — आपला पोरगा काय शिकला हे नीट सांगता यायचं नाही. 'तो आकड्याईचं काम करते,' म्हणायची, आणि मान ताठ करायची.

मुंबईच्या एका संस्थेत गणिताच्या पदवीधरांना कॉम्प्युटरचं काम शिकवणार होते. त्यासाठी नागपूरला परीक्षा होती आणि आमच्या भागातून जागा एक. फोरट्रान नावाची मशीनची भाषा ज्यानं त्यानं आपली आपण शिकून यायची. मशीन आम्ही पाहिलेलं नव्हतं. विहीर न बघता पोहायला शिकण्यातला प्रकार! मी सरांना गाठलं. त्यांनी आपल्याजवळचं एक पातळ, खरबरीत कागदाचं पुस्तक दिलं आणि ते वाक्य सांगितलं.

परत आलो तर थावरू वाट बघत होता. त्याला सरांची ओळख नव्हती, ओळख होती ती माझी.

"कोन्तं पुस्तक घेऊ गड्या? तू म्हनशीन तेच घेतो."

तेच घेतो, म्हणाला. मी त्याला दुसऱ्याच एका पुस्तकाचं नाव सांगितलं. नागपूरच्या दुकानात मीच ते चाळून बाजूला ठेवलं होतं. जाडजूड, गुळगुळीत, पानोपानी मशीनचे फोटो. त्यात उदाहरणं सगळी ए, बी, एक्स, वायची. मुख्य खाचखळगे शेवटी, बारीक अक्षरांत, जिथं कुणी जात नाही. माझं पातळ पुस्तक मी पेटीत कपड्यांखाली ठेवलं. का? तो माझ्यापेक्षा हुशार होता म्हणून. आणि आणखी एक — लिहायला लाज वाटते — तांड्यावरचा पोरगा माझ्या पुढे मुंबईला जाईल, हे मला सोसवत नव्हतं. आम्ही एका ताटात जेवत होतो, तरी सोसवत नव्हतं.

एवढंच असतं तर मी हा कागद हातात घेतला नसता. चुकीचं पुस्तक काय, कुणीही सुचवतं.

एक नियम सांगायला हवा, सोपा आहे. या भाषेत प्रत्येक आकड्याला एक नाव द्यायचं. अक्षरं इंग्रजी, शब्द कोणताही. पण नावाचं पहिलं अक्षर आय ते एन — म्हणजे आय, जे, के, एल, एम, एन — यांपैकी असलं, तर मशीन त्या नावात फक्त पूर्ण आकडा ठेवतं. वरचा अपूर्णांक मुकाट्यानं फेकून देतं. साडेसात घाला, सात उरतात. आता बघा — तूर, गहू, हरभरा सुटले. ज्वारी गेली, मण गेला, कापूस गेला. इंग्रजीत विचार करणारा कॉटन लिहितो नि तरतो. आमचा माणूस कापूस लिहितो आणि बुडतो. मीही पहिल्या खेपेला कापूसच लिहिलं होतं. पातळ पुस्तकानं कान धरला म्हणून वाचलो.

मशीन नव्हतं, तेव्हा आम्ही मशीन-मशीन खेळायचो. युक्ती थावरूची. काडेपेटीच्या रिकाम्या डब्या घ्यायच्या, प्रत्येकीवर एकेक नाव लिहायचं, आकडे म्हणून चिंचोके. एकानं हुकूम लिहायचे, दुसऱ्यानं मशीन होऊन ते ओळीनं पाळायचे. अर्ध्यासाठी आम्ही चिंचोका फोडून त्याची डाळ करायचो. रविवारी दुपारी खोलीमागच्या कडुनिंबाखाली हा खेळ चाले, आणि घरमालकीण म्हणायची, एवढाले मास्तर झाले अन् चिंचोके खेळून राह्यले!

एका रविवारी थावरूनं बाजारातल्या कापसाच्या गाड्यांचा हिशेब लिहिला. देखणा होता, मला तसा जमला नसता. डबीवर त्यानं इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं — कापूस. मशीन मी होतो. हुकूम आला: या डबीत साडेसात. मी सात चिंचोके टाकले. अर्धा माझ्या बोटांत.

मला ठाऊक होतं ना? तो अर्धा फेकायचा होता. फेकला असता तर तो विचारणार होता, काहून फेकला? मग सांगावं लागलं असतं. मग ते पुस्तक पेटीतून काढावं लागलं असतं. आणि मग जागा त्याची होती.

तो माझ्या हाताकडे बघत होता. मी अर्धा चिंचोका डबीत टाकला. हिशेब पुरा केला, उत्तर सांगितलं. त्यानं मांडीवर थाप मारली.

"बराबर आलं! अर्ध्यासकट आलं!"

मी पण हसलो. मशीन कधी खोटं बोलत नाही. मी मशीन झालो आणि खोटं बोललो — आणि परीक्षेपर्यंत दर रविवारी बोललो. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. त्यानं मान विश्वासानं पुढे केलेली.

परीक्षेत विचारलं होतं की तुमच्या भागातला रोजचा एखादा हिशेब घ्या. थावरूनं काय घेतलं असेल, सांगायला हवं का? पेपर मुंबईला गेले, तिथल्या मशीनवर चालवले, आणि छापील उत्तरं टपालानं परत आली. माझं पास. त्याच्या कागदावर एकाही गाडीला अर्धा, पाव काही नव्हतं. सगळे आकडे तुटलेले, खाली बेरीज चूक.

तो कागद घेऊन खाटेवर बसला. पुन्हा पुन्हा वाचला. मी पेटी भरत होतो. मग त्यानं विचारलं, अगदी हळू —

"म्या कापूस लिवलं म्हनून तं नाही गेलं? मशीनले आपली बोली नाही समजत का रे?"

आता ऐका. हेच ते. पुस्तक नव्हे, चिंचोका नव्हे — हे. जागा मला मिळालेली होती. खरं सांगून माझं काहीच जाणार नव्हतं, फार तर त्याच्या नजरेतून उतरलो असतो. त्याची बोली निर्दोष होती. नावाआधी नुसतं एक ए अक्षर चिकटवलं असतं तरी कापूस पुरा मोजला गेला असता. हे एका वाक्यात सांगता येत होतं, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा बसला असता.

"तसंच असन," मी म्हणालो. "आपल्या बोलीले तिथं कोन पुसते?"

त्यानं मान हलवली. त्याला ते पटलं, हेच वाईट झालं. तो पुन्हा परीक्षेला बसला नाही. महागावकडे मास्तर झाला, तिथंच राहिला. दिवाळीला त्याचं पत्र यायचं. गड्या, तू आपल्या यवतमाळचं नाव काढलं, असं लिहायचा.

बऱ्याच वर्षांनी त्याची मुलगी माझ्या घरी आली. मुंबईत कॉम्प्युटर शिकायला आलेली, बापासारखेच डोळे. बाबांनी पाठवलंय, म्हणाली, कोणतं पुस्तक घेऊ ते तुम्हीच सांगाल. मी तिला चांगलं पुस्तक सांगितलं. खरंच चांगलं. वरून ते ऐटीतलं वाक्यही ऐकवलं.

निघताना ती हसून म्हणाली, "बाबानं एक गोष्ट बजावून सांगितली काका. मशीनपुढं घरचे शब्द काढायचे नाही म्हने. त्याईनं काढले होते, म्हनून हारले. खरं हाये का?"

पोरगी परकी नव्हती, तिचा बाप माझ्या एका ताटातला. बायको आत होती. दार उघडं होतं. बोलायला वेळ भरपूर होता.

"बरोबर सांगतात तुझे बाबा," मी म्हणालो.

ती वाकून पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.