लाइन क्लिअर

पडद्यावरचा हिरो हात पुढे करून उडायच्या बेतात आला, की गेटमामा दोन्ही पाय खुर्चीवर घेत आणि भर थेटरात खणखणीत आवाजात म्हणत, "लाइन क्लिअर." मगच तो उडे. निदान वर्ध्याच्या रविवारच्या दुपारच्या खेळाला येणाऱ्या मंडळींची तशी समजूत झाली होती. एकदा मामा पान थुंकायला बाहेर गेले असताना हिरो उडाला, तर मागच्या रांगेतून तक्रार आली, "मामाले इचारलं नाई बाप्पा यानं."

मामा सिंदीजवळच्या रेल्वे फाटकावर गेटमन होते; 'लाइन क्लिअर' म्हणजे पुढचा रूळ मोकळा, गाडी येऊ द्या. त्या गावच्या शाळेत मी रुजू झालो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. टीव्ही वगैरे अजून कोणी पाहिला नव्हता, ओळखीचं चिटपाखरू नव्हतं आणि रविवार अंगावर येई. पहिल्याच महिन्यात बंद फाटकाशी सायकल धरून उभा होतो, तर मामांनी मला नीट न्याहाळलं. "मास्तर, काऊन असे तोंड पाडून राह्यले? रविवारी माही रेस्ट असते. चाला वर्ध्याले, उडत्या मानसाचा पिच्चर लागला." मी गेलो. पुढची नऊ वर्षं जात राहिलो.

बाकीच्या सिनेमांचं मामांना वावडं होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. "रडाचं तं घरीबी रडता येते," म्हणत. त्यांना लागे मुखवटेवाला, झगेवाला, भिंतीतून आरपार जाणारा. असं काय आहे त्यात, हे मी एकदा विचारलं. "मास्तर, साऱ्या जिंदगीत मी दुसऱ्यासाठी फाटक उघडलं अन् लावलं. याले फाटकच नाई."

आणि मग तो आगगाडीचा सिनेमा आला. पूल तुटलेला, समोरून मेल सुसाट येतेय आणि हिरोने रुळावर उभं राहून ती एका हाताने थांबवली. अख्खं थेटर शिट्ट्या मारत उभं राहिलं. मामा बसून होते. मध्यंतरात चहाचा कप तसाच धरून ते म्हणाले, "झेंडी कोनं दाखवली?"

"झेंडी कशाला मामा? त्याने हातानेच थांबवली ना."

"तेच म्हन्तो. डायवरले सांगतलं कोनं? मेलगाडीले थांबाले अर्धा मैल लागते. अशी धाडकन थांबली तं अंदरच्या मानसाइचं काय झालं असन?"

हिरोने हजार लोक वाचवले होते, पण मामांच्या लेखी ते सगळे डब्याडब्यात आपटून मेले होते. त्या दिवसापासून त्यांना भलभलते प्रश्न पडू लागले. फोडलेली भिंत मागून बांधतं कोण? झगा धुतं कोण? 'लाइन क्लिअर' ते म्हणत, पण ड्यूटीवर असल्यासारखं, आणि कधी कधी हिरो अर्धा आकाशात गेल्यावर.

खरं सांगायचं तर मीही तिसऱ्या वर्षीच कंटाळलो होतो. पण या एकट्या माणसाला दुसरं आहे काय, असं वाटे. मग मी परतीच्या पॅसेंजरमध्ये हिरोची तोंड फाटेस्तोवर स्तुती करी आणि मामा मान डोलवत. लग्न झाल्यावर बायकोने विचारलं, "आवडत नाही तर जाता कशाला?" म्हटलं, मामांचं मन मोडवत नाही.

माझी आर्वीला बदली झाली. शेवटच्या रविवारी तिकिटाच्या खिडकीपाशी मामा अडखळले. "एक सांगू मास्तर? राग नका मानू. मले हे पिच्चर आता पाहवत नाई. त्या रेलगाडीपासून."

"मग इतकी वर्षं आलात कशाला?"

"तुमाले आवडते ना. परगावचा मानूस. रविवारी एकटा पडन म्हून."

घरी माझी बायको होती, दोन वर्षांची मुलगी होती, पण मामांच्या हिशेबी मी अजून त्या फाटकाशी सायकल धरूनच उभा होतो. मलाही कंटाळा आला होता, हे मी बोललो नाही. नऊ वर्षं त्यांनी मला सांभाळलं होतं, ते त्यांच्याकडेच राहू दिलं. आम्ही आत गेलोच नाही. वर्धा स्टेशनच्या बाकावर शेंगा खात बसलो आणि मामा पहिल्यांदाच आपल्या बायकोविषयी बोलले. ती फाटकातल्या खोलीत भाकरी थापताना गाडीच्या आवाजावरून इंजिन ओळखायची म्हणे. इतका रंगलेला खेळ मी त्या नऊ वर्षांत पाहिला नव्हता. परतताना आमचं फाटक आलं तशी मामांनी खिडकीतून डोकं काढून बदलीचा गडी हिरवी झेंडी धरून उभा आहे ना, ते पाहून घेतलं.

आर्वीला त्यांची पोस्टकार्डं येत. शेवटच्या कार्डात वाकड्यातिकड्या अक्षरांत एवढंच होतं: "नवा उडता पिच्चर आला हाय. तुमाले आवडन. एकटे नका जाऊ, पोरीले न्या." ते कार्ड आलं आणि पाठोपाठ मामा गेल्याचं कळलं.

मुलीला घेऊन गेलो. हिरो गच्चीच्या कडेला आला, हात पुढे केले. मुलीने माझा हात घट्ट धरला. मी सवयीने शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं आणि वाट पाहत राहिलो. कोणीच काही बोललं नाही. तो तसाच उडाला.