साक्षीतून गाळलेलं वाक्य

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुण संघाची दर मे महिन्यात एक सेवा-सहल निघायची. पाळकसाहेबांना सहल हा शब्द आवडत नसे, ते सेवा-सप्ताह म्हणायचे. पण आम्ही बारा जण ज्या थाटात गाणी म्हणत आणि चिवड्याचे डबे फिरवत बसमधून निघायचो, त्याला दुसरं काय म्हणणार? मी तेव्हा वीस वर्षांची होते, डी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला. घर नागपुरात, बेसाला, नव्या फ्लॅटमध्ये. गरिबी म्हणजे खालच्या वॉचमनची खोली, एवढीच माझी ओळख. गांधीबागेच्या बाजारातून ठोकात आणलेले पांढरे टी-शर्ट आम्ही घातले होते आणि त्यांच्या छातीवर निळ्या अक्षरांत प्रीतीविषयीचं वचन छापलं होतं. पहिल्याच दिवशी ते कोळशाच्या धुळीने काळे झाले.

वस्ती कन्हानच्या पुढे, खाणीच्या मातीच्या ढिगांना लागून होती. बायका पहाटे ढिगांवर जाऊन कोळसा वेचायच्या, पुरुष वीटभट्टीवर जायचे. नळाला दोन दिवसांआड पाणी यायचं, आणि तिथे आम्ही पोरांना हात धुवायला शिकवायला गेलो होतो. पोरांना हात धुण्याचं गाणं आमच्याआधीच पाठ होतं, कारण आमच्यासारखेच दोन गट त्यांना ते शिकवून गेले होते. आम्ही अंगणवाडीची भिंत रंगवायला घेतली, खरवडल्यावर तिच्यातून आधीच्या तीन रंगांचे थर निघाले. कोणी हसलं नाही की कुरकुरलं नाही. पाहुण्यांचं मन राखायची त्या लोकांना सवय होती, आणि आम्हाला वाटायचं की आपलं काम फार छान चाललंय. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

माझ्याकडे घरभेटी होत्या. रोज सकाळी तासभर मी एका बाईकडे बसायचे. तिला मी मावशी म्हणायचे. पस्तिशीची असेल, पण दिसायची पन्नाशीची. घरात भट्टीवर जाणारा नवरा आणि सातवीतली मुलगी. मावशीला टीबी होता. सरकारी दवाखान्याच्या गोळ्या सुरू होऊन दोन महिने झाले होते, ताप गेला होता, खोकला बराच उतरला होता.

"आता दोन भाकरी खाऊन राहिली मी," पहिल्या दिवशी तिने मला कौतुकाने सांगितलं. मग गोळ्यांची पाकिटं माझ्या मांडीवर ठेवली. "तू दवाईचंच शिकते ना वं पोरी? पाहून घे बरं गोया, बराबर हायेत का."

मी पाकिटं उलटसुलट केली, नावं मोठ्याने वाचली आणि मान डोलावली. कॉलेजात मला कोणी काही विचारत नसे. इथे एक बाई माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. तिने शेजारणीला हाक मारून सांगितलं, "हे पोरगी डाक्टरीनच हाय." मी ते दुरुस्त केलं नाही. मला फार बरं वाटलं होतं.

निघताना मी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे. ती पदर डोक्यावर घेऊन डोळे मिटून बसायची. ती प्रार्थना खोटी नव्हती, मी अगदी मनापासून करत होते, हे आजही कोणापुढेही सांगेन.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता साक्षीची सभा असायची. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. आम्ही लहानपणापासून साक्षी देत आलेलो. परीक्षेत पास झालो, आजोबांचं ऑपरेशन नीट झालं, हरवलेली सायकल सापडली, सगळ्याची साक्ष. पण सेवा-सप्ताहाला एक तरी साक्ष वस्तीतल्या माणसाची लागायची. तिचा व्हिडिओ पुढच्या रविवारी उपासनेनंतर दाखवायचा, म्हणजे आठवडाभर आम्ही काय केलं ते मंडळीला दिसायचं. संघाचा दादा, म्हणजे आमचा प्रमुख, आमच्याहून सहा-सात वर्षांनी मोठा होता. वाईट माणूस मुळीच नव्हता, आमच्या आधी उठून आमच्यासाठी पाणी भरायचा. त्याने मला विचारलं, "तुझी मावशी बोलेल का?"

मावशी लगेच तयार झाली. तिला लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. ताप यायचा, थुंकीत रक्त पडायचं, मुलगी रडायची, मग ही पोरं आली, यांनी प्रार्थना केली, देवाच्या कृपेनं आता बरं वाटतं. आणि शेवटी, "गोया बी चालू हायेत."

दादाने कागद वाचला. म्हणाला, "मस्त आहे. फक्त शेवटचं वाक्य काढ. ऐकणाऱ्यांचा गोंधळ होतो, महिमा कोणाचा तेच कळत नाही."

मी वाद घातला असं इथे लिहायला मला आवडलं असतं. मी वाद घातला नाही. मला त्याचं म्हणणं पटलं. गोळ्या तर ती घेतच होती, त्यात सांगायचं काय? टीबीचा कोर्स अर्ध्यात सोडला तर काय होतं, हा प्रश्न मला त्याच वर्षी परीक्षेत आला होता आणि मी दीड पान उत्तर लिहिलं होतं. मी पेन काढलं आणि ती ओळ खोडली.

मग मावशीकडे जाऊन पाठ व्हावं म्हणून तिला कागद दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर तिने विचारलं, "बस, एवढंच?"

"एवढंच, मावशी."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग हसली. मला वाटलं, पाठांतर थोडक्यात आटोपलं म्हणून तिला हायसं वाटलं असावं.

सभेत ती एकही शब्द न चुकता बोलली. आम्ही सगळे रडलो. रविवारी व्हिडिओ पाहून मंडळीही रडली, आणि पुढचे कित्येक दिवस तो या फोनवरून त्या फोनवर फिरत राहिला.

ऑक्टोबरात कापणीच्या सणाला मावशीला चर्चमध्ये बोलवायचं ठरलं. तिने व्यासपीठावरून साक्ष द्यावी अशी सगळ्यांची इच्छा होती. तिच्या नवऱ्याचा फोन लागत नव्हता, म्हणून निमंत्रण घेऊन मीच गेले. मंडळीने तिच्यासाठी एक नवी साडीही बरोबर दिली होती.

दारातून आत पाहिलं तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. खाटेवर नुसती हाडं होती. उशाशी एक फडकं होतं आणि त्याच्यावर रक्ताचे डाग होते. गावची आशाताई, म्हणजे घरोघरी फिरून औषधं देणारी सरकारी सेविका, पत्र्याच्या पेटीतून गोळ्यांची न फोडलेली पाकिटं काढून खाटेवर टाकत होती. मावशी दर वेळी तिच्याकडून गोळ्या घ्यायची, रोज खाते म्हणून सांगायची, आणि पेटीत ठेवून द्यायची.

"चार महिने मले फसवून राहिली," आशाताईचा आवाज चढला होता. "कोणी सांगितलं वं तुले गोया सोडाले?"

मावशीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोणी नाई. माह्या मनानं सोडल्या."

मग आशाताई माझ्याकडे वळली. मी कोण, कुठली, सगळं विचारलं. "तुमी तर काही सांगितलं नाई ना हिले?"

"नाही," मी म्हणाले.

ते खरंच होतं. गोळ्या सोड असं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. त्या एका शब्दाला मी पुढचे पंधरा दिवस घट्ट धरून राहिले. साडीची पिशवी तशीच परत आणली.

मावशीला नागपूरला मोठ्या दवाखान्यात हलवलं. तिच्या छातीतला आजार आता नेहमीच्या औषधांना दाद देत नव्हता. कापणीच्या सणाला ती येऊ शकणार नाही असं कळल्यावर मंडळीने तिच्यासाठी प्रार्थना केली आणि तिचा मे महिन्यातला व्हिडिओ पुन्हा लावला. शेवटी सगळ्यांनी आमेन म्हटलं. मागच्या बाकावरून मीही म्हटलं, आणि मला स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, भेटायच्या वेळेत, मी वॉर्डात गेले. तोंडाला मास्क बांधून तिच्या खाटेजवळच्या स्टुलावर बसले आणि एका दमात सांगून टाकलं, "मावशी, त्या कागदातलं गोळ्यांचं वाक्य मी खोडलं होतं."

"मले माहीत हाय," ती म्हणाली. बोलताना तिला मध्येमध्ये थांबावं लागत होतं. "वाचता येत नाई मले. आयकू तर येते."

"मग तेव्हाच का नाही विचारलंस?"

"काय इचारू? तू दवाईचं शिकते. तूनं पाहून काढलं, म्हणजे आता गोया लागत नसन, असं समजली मी."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं की मग आशाताईला खरं का नाही सांगितलं, चार महिने का लपवलं? निदान त्या दिवशी तरी सांगायचं.

"कशी सांगू?" मावशी म्हणाली. "तुयं नाव आलं असतं ना वं पोरी."

आठव्या दिवशी ती गेली. आशाताईला मी काही सांगितलं नाही, दादाला नाही, तिच्या नवऱ्याला नाही. माझं नाव कुठेच आलं नाही.