राहून गेलेल्या अक्षता

नोएडाच्या ज्या सेक्टरात आम्ही दहाबारा मराठी कुटुंबांनी मिळून घरे बांधली, तिथे पूर्वी गव्हाचे शेत होते आणि शेताच्या कोपऱ्यात विहीर. दिल्लीच्या आर. के. पुरममधली सरकारी घरे सोडून आम्ही आलो तेव्हा नळ बसले होते, पाणी आले नव्हते. पहिली काही वर्षे त्या विहिरीनेच आम्हांला जगवले. दिल्लीत जन्मलेल्या आमच्या मुलांना पाणी 'शेंदणे' हा शब्द तिच्याच काठावर कळला. माझी पत्नी पहिली घागर भरण्याआधी काठाला हळदकुंकू वाहत असे.

पुढे मोठी जलवाहिनी आली. तिचे पाणी गंगेच्या कालव्यातून येई, म्हणून सारे त्याला गंगाजलच म्हणत. विहीर बुजवून तिथे गाड्या उभ्या करायचे ठरले. मी संस्कृत शिकलेला. शास्त्र काय सांगते, हे मला विचारले गेले. मी म्हणालो, "वरुणाचे आवाहन करावे, पूजा करून क्षमा मागावी, मग अक्षता वाहून विसर्जन करावे. देवता गेली की उरतो तो खड्डा." हे वाक्य तेव्हा मला फार आवडले होते.

ठरल्या सकाळी आवाहन झाले, पूजा झाली, आरती झाली. तेवढ्यात मातीचा डंपर येऊन उभा राहिला. ठेकेदार म्हणाला, "पंडितजी, भगवान तो समझ जाएँगे, ड्राइवर नहीं समझेगा." सगळे हसले. मीही हसलो आणि बाजूला झालो.

घरी पत्नीने तबक उचलले. "अहो, या अक्षता कसल्या राहिल्या?"

विसर्जनाच्या होत्या. मी तसाच परत गेलो. पाणी केव्हाच मातीखाली गेले होते.

"पाहुण्याला बोलावलंत आणि बाहेरून कडी घातलीत," ती एवढेच म्हणाली.

त्यानंतर त्या जागेवर तिने कधी पाऊल ठेवले नाही. भाजीला जातानाही वळसा घालून जाई. पाऊस थांबल्यावर भोवतालच्या फरशा वाळत. विहिरीच्या जागचे तेवढे एक वाटोळे ओले राही. गाड्यांचे मालक ठेकेदाराला नावे ठेवत. रोज स्नानाच्या वेळी तांब्यात सात नद्यांना बोलावताना माझी जीभ अडखळे. त्या पाण्यात आधीच कोणीतरी येऊन बसले आहे, असे वाटे.

तिच्या शेवटच्या आजारात मी तुळशीच्या पानाने तिच्या ओठांना पाणी लावले. "गंगाजल आहे," मी म्हणालो.

"असेल. पण ज्याच्या पाण्यावर माझी मुलं वाढली, तो तिथे खाली बसलाय. तेवढं विसर्जन करा हो, माझ्या मागे तरी."

तिचे तेरावे झाल्यावर तेच तबक आणि नव्या अक्षता घेऊन मी गेलो. दोन गाड्यांमधल्या त्या ओलीजवळ उभा राहिलो. विसर्जन करताना देवतेला 'पुन्हा येण्यासाठी जा' असे म्हणायचे असते. जन्मभर ते शब्द मी अर्थ जाणून उच्चारले, असे मला वाटत होते. पण पुन्हा यायचे कुठे? 'पुन्हा' हा शब्द गाळावा, तर तो निरोप नव्हे, हाकलणे झाले. म्हणावा, तर ते असत्य.

ऊन चढेपर्यंत मूठ मिटून उभा होतो. मग तबक घेऊन घरी आलो. अक्षता देव्हाऱ्यात तशाच आहेत. भाजीला जाताना आता मीही वळसा घालून जातो.