अप्पा पकडायला येतात

अप्पांनी दुर्गदबैलच्या बाजारात तीस वर्षं हमाली केली. गुडघे गेले तेव्हा ते घरी बसले, आणि बसले म्हणजे खरोखरच बसले. दाराजवळची खुर्ची, सकाळपासून. कुणी बाहेर चला म्हटलं तर म्हणायचे, "मी आता काय कामाचा?" मी धारवाडच्या एका लॅबमध्ये काम करते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा ते त्याच खुर्चीत असायचे, आणि आई मला नुसती डोळ्यांनी खूण करायची.

शेजारची एक मुलगी कॉलेजात सिनेमा करायला शिकत होती. तिला परीक्षेसाठी छोटा सिनेमा करायचा होता. चार मित्र धान्याच्या गोदामात अडकतात, शटर उघडत नाही, आणि आत कुणीतरी त्यांना एकेक करून पकडतंय, अशी गोष्ट. बघणाऱ्याला भीती वाटली पाहिजे आणि हसूही आलं पाहिजे, असं ती म्हणाली. रायापूरला तिच्या मामाचं रिकामं गोदाम मिळालं होतं. तिथं भुशाची पोती आणली होती, पण तिनं आणि तिच्या वर्गमित्रांनी रचलेली थप्पी दोनदा कोसळली. म्हणून ती अप्पांकडे आली. आम्ही घरात मराठी बोलतो, तिच्याशी सगळे कानडीतच.

"अज्जा, भुशाची पोती कशी लावायची तेवढं सांगा. तुम्ही काही उचलू नका."

ते नाहीच म्हणणार, असं मी धरून चालले होते. त्यांनी विचारलं, "भुसा म्हणालीस ना? मग रचायची रीत वेगळी," आणि चपला शोधू लागले.

रविवारी सकाळी मी त्यांना स्कूटरवरून नेलं. स्टुलावर बसून, काठीनं दाखवत, त्यांनी त्या सगळ्यांकडून तासाभरात थप्प्या लावून घेतल्या. मधे माणूस तिरका जाईल एवढीच वाट. तेवढ्यात फोन आला. जो मुलगा पकडणारा होणार होता त्याला ताप भरला होता. मुलीनं फोन ठेवला आणि अप्पांकडे पाहिलं. उंच, वाकलेले, एक पाय ओढत चालणारे.

"अज्जा, तुम्ही व्हाल का?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दामच दुसरीकडे पाहिलं. त्यांनी एक रिकामं पोतं उचललं, त्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसला आणि हमाल घेतात तशी खोळ डोक्यावर घेतली.

शटर खाली ओढलं. पत्र्याच्या भोकांतून येईल तेवढाच उजेड. सिनेमातली एक मुलगी पाठमोरी लपून बसली होती. अप्पांनी मागून येऊन तिचा खांदा धरायचा होता. ते आले आणि खोकले.

"खोकलात का, अज्जा?" शेजारच्या मुलीनं विचारलं.

"तिला मी दिसत नाही. एकदम हात लावला तर पोर दचकेल."

"दचकायलाच हवी."

"बरं."

दुसऱ्यांदा ते खोकले नाहीत. मुलीच्या मागे थांबले आणि हळूच म्हणाले, "हेदरब्याड, तंगी." भिऊ नकोस, पोरी. मग खांद्यावर हात ठेवला. ती मुलगी खरंच किंचाळली, आणि मग सगळेच हसत सुटले. अप्पा ओशाळले. "चुकलं का माझं?" शेजारची मुलगी मात्र हसली नव्हती. तिनं वहीत काहीतरी खोडलं आणि म्हणाली, "नाही अज्जा. आता दर वेळी हेच म्हणा."

महिन्याभरानं कॉलेजच्या हॉलमध्ये दुपारी तो सिनेमा दाखवला. आई, मी आणि अप्पा दुसऱ्या रांगेत होतो. पहिल्या "हेदरब्याड तंगी"ला हॉल हसला. दुसऱ्यालाही. तिसऱ्या वेळी पडद्यावर काळोख होता आणि फक्त आवाज आला. तेव्हा कुणी हसलं नाही. माझ्या मागच्या बाईनं पाय खुर्चीवर घेतले.

अप्पा पडद्याकडे बघत होते. बऱ्याच वेळानं आईच्या कानाशी म्हणाले, "मी एवढा वाकलोय?"

"वाकलाय," आई म्हणाली. "पण बघायला बरं वाटतंय."

बाहेर आल्यावर मुलांनी त्यांना घेरलं. एकानं ते वाक्य म्हणून दाखवायला सांगितलं. त्यांनी दाखवलं, जरा लाजत. परतताना रिक्षात ते सारखे बोलत होते. थप्पीतली तिसरी रांग वाकडी दिसत होती, हे माझ्या लक्षात आलं का, असं त्यांनी दोनदा विचारलं.

त्या मुलीचा नवा सिनेमा ठरलाय. त्यात अप्पांना बोलायचं काम आहे, कानडीत, दोन पानं. ती पानं घेऊन ते माझ्याकडे आले. आमचं सगळ्यांचं बोलणं दोन्ही भाषांत, पण त्यांची शाळा मराठी, तीही चौथीपर्यंत. बाजारातल्या दुकानांच्या कानडी पाट्या त्यांनी सारं आयुष्य रंगावरून ओळखल्या होत्या.

"मराठी अक्षरांत लिहून देते," मी म्हणाले.

त्यांनी पानं परत ओढून घेतली. "नको. अक्षरं शिकव."

आता मी कामावरून आले की ते पाटी घेऊन तयार असतात. आई चहा ठेवते आणि त्यांच्या चुका माझ्याआधी सांगते. दोन पानांतलं अर्धं पान त्यांचं त्यांना वाचता येतं.