मेणमावशी आणि दगडफूल

संग्रहालयातल्या त्या बाईंना सगळे मेणमावशी म्हणत. मेणाची पानं, फुलं, भूछत्रं घडवण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि सगळं वनस्पतींच्या दालनात मांडलेलं होतं. मग नव्या प्रमुख मॅडम आल्या.

"मावशी, भूछत्रं इथून हलवा. ती वनस्पती नाहीत."

"मग काय, प्राणी आहेत?"

"तेही नाहीत. झाडांसारखं अन्न बनवत नाहीत, प्राण्यांसारखं गिळतही नाहीत. बाहेरच विरघळवून शोषतात. बुरशी आणि भूछत्रांची सृष्टीच वेगळी. जिन्याजवळची खोली देऊ त्यांना."

मावशींनी भूछत्रं हलवली, पण जीव थाऱ्यावर राहिला नाही. घरी चहा गाळताना गाळणंच विसरल्या.

"अगं, टेक की घटकाभर!" नवरा म्हणाला.

"दगडफुलाचं काय करू? अर्धं बुरशी, अर्धं शेवाळ. कुठल्या खोलीत ठेवू?"

सकाळी त्या थेट मॅडमच्या टेबलापाशी गेल्या.

"दगडफूल नावासाठी बुरशीतच धरतात," मॅडम म्हणाल्या.

"आणि आतलं हिरवं शेवाळ? दोघांचं अन्न तेच बनवतं ना? राबायचं त्यानं आणि नाव हिचं?"

"बऱ्याच घरांत तसंच चालतं की!" मॅडम हसल्या. "मग मेणात मोठं करून, कापून दाखवा लोकांना, आत काय आहे ते."

मावशींनी मनावर घेतलं. बुरशीचे पांढरे धागे, मध्ये शेवाळाचे हिरवे मणी. मेण जास्त तापलं, रंग ओघळला, सगळंच हिरवं झालं. पुन्हा केलं तर धागे तुटले. घरात विनाकारण भांड्यांची आदळआपट झाली. शेवटी नवराच चिमटा धरून शेजारी बसला, तेव्हा कुठे जमलं.

खोली उघडली त्या दिवशी मावशी दाराशी घुटमळत होत्या.

"अय्या, दगडफूल म्हणजे फूल नव्हेच?" एक बाई बहिणीला म्हणाली. दोघी काचेला नाक लावून बराच वेळ पाहत राहिल्या. मावशी खुलल्या, पण घटकाभरच.

संध्याकाळी त्या वनस्पतींच्या दालनात शिरल्या. रिकाम्या कपाटाशेजारी समुद्रातलं तपकिरी शेवाळ होतं, त्यांच्याच हातचं. दालन बंद करायला मॅडम आल्या.

"हे तरी वनस्पतीच ना?"

मॅडम कुलूप हातात धरून थबकल्या. "ते जरा... उद्या बोलू, मावशी."

"आत्ताच सांगा. नाहीतर आजही माझ्या डोळ्याला डोळा लागायचा नाही."